वाढत्या अंगाचा गोल्फ सेट घेऊ नका

जूनमध्ये शाळेचा गणवेश घेताना आपण दुकानदाराला सांगतो, "जरा वाढत्या अंगाचा द्या." पँटला आतून चार बोटं कापड मुडपून ठेवतो, पुढच्या वर्षी शिवण उसवून पँट लांब करतो. आमच्या घरी दोन्ही मुलांचे गणवेश असेच वापरले गेले. त्याच सवयीने, मुलगा तेरा वर्षांचा झाला तेव्हा मी त्याच्यासाठी मोठ्या माणसांचा पूर्ण गोल्फ सेट घेतला. स्टीलच्या शाफ्टचा (म्हणजे दांड्याचा), पुरुषांच्या मापाचा, आधीच्या मालकाने फारसा न वापरलेला. मुलाची उंची तेव्हा पाच फूट एक इंच होती. दोन वर्षांत सेट अंगाला बसेल, असा माझा हिशोब होता.

आम्ही ठाण्याला राहतो. रविवारी पहाटे ठाणे-बेलापूर रस्त्याने खारघरला जायचं, पांडवकड्याच्या बाजूच्या डोंगरांच्या कुशीत सिडकोचं गोल्फ कोर्स आहे तिथे मुलं खेळणार, हा आमचा तीन वर्षांचा नेम. नवा सेट आल्यावर दोन महिन्यांतच त्याचा खेळ बिघडला. चेंडू जमिनीलगत जायचा, तोही उजवीकडे. जुन्या छोट्या क्लबने, म्हणजे चेंडू मारायच्या काठीने, जो चेंडू सहज हवेत उठायचा, तो आता कितीही जोर लावला तरी उठेना. मग कंबर दुखायला लागली. मग रविवारी "आज नको ना आई" सुरू झालं. खेळाचा कंटाळा आला असेल असं मी समजत होते. त्याच्या सरांनी एकदा त्याला माझ्यासमोर पंधरा चेंडू मारायला लावले आणि म्हणाले, "ताई, तो खेळत नाहीये, वजन उचलतोय."

त्यानंतर मी हा विषय नीट समजून घेतला. शिकवणारे आणि क्लब दुरुस्त करणारे यांच्या मागे लागून विचारलं, भाचीच्या वेळी ते वापरून पाहिलं. आपल्याकडे गोल्फ खेळणाऱ्या घरांमध्येही याची माहिती कमी असते, कारण बहुतेक मुलांच्या आईवडिलांनी स्वतः कधी क्लब धरलेला नसतो. अशा आईवडिलांसाठी हे लिहिते आहे.

गणवेश सैल असला म्हणून मूल वेगळं चालायला शिकत नाही. क्लब मात्र लांब आणि जड असला की मूल तो फिरवण्यासाठी शरीराच्या वेगळ्या युक्त्या शोधतं. खांद्याने ढकलतं, मागे कलतं, कंबरेला झटका देतं. आठवड्याला दोनशे चेंडू मारले की या युक्त्या अंगात मुरतात, आणि पुढे क्लब बरोबर मापाचा मिळाला तरी जात नाहीत. आमच्या मुलाचा मागे कलण्याचा दोष काढायला सरांना वर्षभर लागलं.

क्रिकेटमध्ये आपल्याला हे कोणी शिकवावं लागत नाही. पाच नंबर, सहा नंबर, मग हॅरो, मग मोठी बॅट, हा क्रम गल्लीतल्या पोरांनाही पाठ असतो. जड बॅट घेतलेला मुलगा उशिरा पोचतो हे सगळ्यांना दिसतं. गोल्फमध्ये चेंडू जागेवर स्थिर असतो, त्यामुळे उशीर दिसत नाही, आणि चूक लक्षात यायला महिने जातात.

मुलांच्या आणि मोठ्यांच्या क्लबमध्ये फरक काय?

लांबीचा फरक डोळ्यांना दिसतो. पुरुषांचा सात नंबरचा आयर्न (धातूच्या चपट्या डोक्याचा, मधल्या पल्ल्याचा क्लब) साधारण ३७ इंच, बायकांचा ३६ इंच, आणि मुलांचे क्लब त्याहून आखूड. चांगल्या कंपन्या मुलांचे क्लब वयावर नाही, उंचीवर मापतात. यू.एस. किड्स ही कंपनी तर दर तीन इंच उंचीला वेगळं माप बनवते. दुकानात "नऊ ते बारा वर्षं" अशी चिठ्ठी असलेला सेट दिसला तर ती चिठ्ठी विसरून जा. एकाच सहावीच्या वर्गात चार फूट चार इंचांची आणि पाच फूट दोन इंचांची मुलं शेजारी बसतात.

खरा फरक वजनात आणि लवचिकपणात आहे. मोठ्यांच्या सात नंबर आयर्नचं नुसतं डोकं २७० ग्रॅमच्या आसपास असतं. त्यावर स्टीलचा शाफ्ट शंभर ग्रॅमच्या पुढे, पन्नास ग्रॅमची ग्रिप (हाताने धरायची मूठ), म्हणजे एक क्लब सव्वाचारशे ग्रॅमपर्यंत जातो. ऐकायला काहीच वाटत नाही, अर्धा किलो तूरडाळीहूनही कमी. पण हे वजन हाताच्या टोकापासून तीन फूट लांब आहे आणि ते वेगाने गोल फिरवायचं आहे. मुलांच्या क्लबचं डोकं हलकं असतं, शाफ्ट ग्रॅफाइटचा आणि चांगलाच लवणारा. शाफ्टने किती लवायचं हे फिरवणाऱ्याच्या वेगावर ठरतं. मुलाच्या वेगाला कडक शाफ्ट लवतच नाही. मग चेंडू बुटका जातो, उजव्या हाताने खेळणाऱ्याचा बहुतेक वेळा उजवीकडे जातो, आणि हाताला लोखंडी गज आपटल्यासारखं वाटतं. माझ्या मुलाचं नेमकं हेच झालं होतं.

शाफ्टवर एल, ए, आर, एस, एक्स अशी अक्षरं असतात, मऊपासून कडकपर्यंत. ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब मारायचा क्लब, ताशी ७५ मैलांच्या आत फिरत असेल तर एल, ८५ पर्यंत ए, ९५ पर्यंत आर, त्यापुढे एस, असा ढोबळ हिशोब शिकवणारे सांगतात. हे मात्र ध्यानात ठेवा की या अक्षरांना सगळ्या कंपन्यांचं मिळून एक ठरलेलं मोजमाप नाही. एका कंपनीचा आर दुसरीच्या एस इतका कडक निघू शकतो. म्हणून अक्षर बघून क्लब घेऊ नका, मारून बघून घ्या.

शरीर एकदम वाढत नाही

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि याचा गोल्फशी थेट संबंध आहे.

वयात येताना उंची झपाट्याने वाढण्याचा एक काळ असतो. मुलींमध्ये तो साधारण साडेअकरा-बारा वर्षांच्या सुमारास, मुलग्यांमध्ये साडेतेरा-चौदाच्या सुमारास. त्या वर्षात मुली आठ सेंटिमीटरच्या आसपास आणि मुलगे नऊ-दहा सेंटिमीटर वाढू शकतात. दहा सेंटिमीटर म्हणजे चार इंच. म्हणजे मुलांच्या क्लबचं एक पूर्ण माप एका वर्षात मागे पडतं, कधी त्याहून जास्त.

ही वाढ सगळीकडे एकाच वेळी होत नाही. आधी हातापायाचे पंजे, मग पाय आणि हात लांब होतात, धड त्यानंतर. आणि ताकद उंचीच्या मागून काही महिन्यांनी, कधी वर्षभराने येते. या मधल्या काळात मूल उंच दिसतं पण अंगात तेवढा जोर नसतो. लांब झालेले हात कुठे पोचतात याचा त्यालाही अंदाज नसतो. घरात पाण्याचा तांब्या लवंडतो, दाराला कोपर आपटतं, तसाच स्विंगही, म्हणजे क्लब फिरवण्याची पद्धतही, बिघडतो. अशा वेळी "लक्ष नाही तुझं" असं ओरडू नये. मी ओरडले आहे, आणि त्याचं मला वाईट वाटतं.

म्हणून लांबी उंचीबरोबर बदलायची आणि वजन व कडकपणा ताकदीबरोबर. या दोन गोष्टींच्या तारखा वेगळ्या असतात. पुरुषांचा तयार सेट घेतला की दोन्ही एकाच दिवशी बदलतात, आणि घोटाळा तिथेच होतो.

आपल्याकडे याला ऋतूची आणि परीक्षेची भर पडते. पावसाळ्यात खारघरच्या डोंगरांवरून असं पाणी उतरतं की जून ते सप्टेंबर मुलांचा खेळ कमीच होतो. ऑक्टोबरमध्ये बॅग उघडली की मूल इंचभर वाढलेलं असू शकतं. दहावीच्या वर्षी तर बॅग माळ्यावर जाते ती थेट मार्चनंतर खाली येते. जुन्या क्लबने पहिल्या दिवशी चेंडू नीट लागला नाही की मूल म्हणतं, "विसरलो मी खेळायला." ते विसरलेलं नसतं, फक्त क्लब आखूड झालेले असतात. सुट्टीनंतर पहिल्यांदा रेंजवर (सरावाच्या मैदानावर) जाण्याआधी माप घ्या.

माप घरीच घेता येतं. फरशीवर बूट घालून ताठ उभं करायचं, हात सैल सोडायचे, आणि मनगटाच्या घडीपासून जमिनीपर्यंत शिंप्याच्या टेपने मोजायचं. उंचीपेक्षा हे माप जास्त उपयोगी, कारण सारख्या उंचीच्या दोन मुलांच्या हातांची लांबी वेगळी असते. हे अंतर ३४-३५ इंचांच्या घरात आलं की पुरुषांच्या प्रमाण लांबीचा विचार सुरू करता येतो. त्याच्या बरंच खाली असेल तर नाही, मग वय काहीही असो. आमच्याकडे दाराच्या चौकटीवर पेन्सिलने उंचीच्या रेघा आहेतच. आता शेजारी मनगटाच्याही रेघा असतात, दर तीन महिन्यांनी.

आणि चपलेचा नंबर वाढला की ग्रिप बघा. पंजे आधी वाढतात म्हणून लांबी पुरेशी असतानाच ग्रिप बारीक पडते. डाव्या हाताने क्लब धरल्यावर मधल्या दोन बोटांची टोकं तळव्याला जेमतेम टेकली पाहिजेत. बोटं तळव्यात रुतत असतील तर ग्रिप बारीक आहे, आणि मनगटं नको तेवढी वळतात. ग्रिप बदलणं ही या सगळ्यातली सर्वांत स्वस्त दुरुस्ती आहे. ग्रिपखाली टेपचा एखादा जादा थर दिला तरी भागतं.

कापलेला क्लब

"बाबांचे जुने क्लब आहेत, दोन इंच कापून देऊ" हे मी कितीतरी जणांकडून ऐकलं आहे. यामागे जपून खर्च करण्याची चांगली वृत्ती आहे, पण त्याने मुलाचं नुकसान होतं. कसं ते सांगते.

स्टीलचा शाफ्ट इंचाला साधारण तीन ग्रॅम भरतो. दोन इंच कापले तर क्लब फक्त सहा ग्रॅम हलका झाला. २७० ग्रॅमचं डोकं जागच्या जागी. शिवाय काठी जेवढी आखूड तेवढी ती कमी लवते, म्हणजे कडक शाफ्ट आणखी कडक झाला. मुलाला हवं होतं हलकं आणि मऊ. मिळालं जवळपास तेवढंच जड आणि आणखी कडक.

तिसरी गंमत स्विंगवेटची. क्लबचं वजन टोकाकडे किती जाणवतं याचं ते मोजमाप. हातोडा दांड्याच्या शेवटी धरला तर जड लागतो, डोक्याजवळ धरला तर हलका, हातोडा तोच असतो. पुरुषांच्या आयर्नचं स्विंगवेट बहुधा डी-० ते डी-२ असतं. लांबी अर्धा इंच कमी केली की ते तीन अंक उतरतं, म्हणजे दोन इंचांना बारा अंक. एका अक्षरात दहा अंक असतात, म्हणजे डी-१ चा क्लब थेट बी-९ वर. आता एकूण वजन मोठ्याचं, पण डोकं कुठे आहे याची हाताला जाणीवच नाही. अशा क्लबने मुलाला लय सापडत नाही.

उलट मुलांचा क्लब लांब करायला शाफ्टच्या मागच्या तोंडात खुंटी बसवतात. इंचभर वाढवून एक हंगाम काढायला ही युक्ती चांगली आहे. त्यापुढे नको, कारण आधीच मऊ असलेला शाफ्ट आणखी लवायला लागतो आणि वाढत्या ताकदीच्या मुलाचे चेंडू डावीकडे उंच भरकटतात.

लांबीचा आणखी एक परिणाम डोक्याच्या बसण्यावर होतो. क्लब फार लांब असेल तर त्याचं पुढचं टोक जमिनीवरून उचललं जातं, मागची टाच आधी घासते, आणि उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू डावीकडे निघतो. क्लब आखूड असेल तर उलट. डोक्याच्या तळाला चिकटपट्टी लावून कडक चटईवर चार चेंडू मारले की घासल्याची खूण कुठे आहे ते दिसतं. मध्यभागी असली तर ठीक. काही क्लबच्या मानेला हा कोन दोनएक अंश वाकवून बदलता येतो, ते काम जाणत्याकडूनच करून घ्या.

मग बदलायचं कसं?

तुकड्यातुकड्याने. एका बॅगेत जास्तीत जास्त चौदा क्लब ठेवायचा नियम आहे, कमीत कमी किती असा नियमच नाही. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला सात-आठ क्लब पुरतात.

मी आधी पटर, म्हणजे चेंडू हलकेच खड्ड्यात ढकलायचा क्लब, बदलायला सांगेन. पटर आखूड पडला की मूल कंबरेत वाकून तासन्‌तास सराव करतं, आणि पटिंगला ताकद लागत नसल्यामुळे लांबी लगेच वाढवायला काही अडत नाही. मग वेज, म्हणजे जवळून चेंडू उंच उडवायचा क्लब. बंकरमधल्या वाळूतून चेंडू काढायला थोडं जड डोकं मदतच करतं, आणि वेज आखूड असल्याने सांभाळता येतो. त्यानंतर मधले आयर्न, पण स्टीलमध्ये नाही, ग्रॅफाइटमध्ये. ड्रायव्हर सगळ्यात शेवटी, कारण तो सगळ्यात लांब, आणि तिथे चूक झाली तर मूल चेंडूवर तुटून पडायला शिकतं. या क्रमाबद्दल शिकवणाऱ्यांमध्ये मतभेद आहेत. काही जण ड्रायव्हर आधी देतात, कारण लांब चेंडू गेला की मुलाला हुरूप येतो. त्यांचं म्हणणं मला कळतं, पण आमच्या दोन मुलांच्या अनुभवावरून मला पहिला क्रम पटला.

आयर्नच्या टप्प्यावर मुलांचा सेट आणि पुरुषांचा सेट यांच्यामध्ये एक पूल असतो, आणि तो म्हणजे बायकांचा सेट किंवा ज्येष्ठांसाठीचा हलका सेट. साधारण पाच फुटांपासून पाच फूट चार-पाच इंचांपर्यंत तो अनेक मुलग्यांना छान बसतो. इथे अडचण क्लबची नसते, लाजेची असते. मुलाला मित्रांसमोर "लेडीज" लिहिलेला क्लब काढायचा नसतो. आमच्या सरांनी त्या अक्षरांवर काळी चिकटपट्टी लावून दिली आणि मुलाने पहिल्या तासातच चेंडू हवेत उठताना पाहिला. नंतर त्यानेच पट्टी काढून टाकली. मुलींच्या बाबतीत उलट काळजी घ्यावी लागते. त्या लवकर वाढतात, बाराव्या-तेराव्या वर्षीच बायकांच्या सेटवर येतात, आणि मग "मुलगी आहे, हाच सेट" म्हणून कायम तिथेच ठेवल्या जातात. माझी भाची सोळा वर्षांची आहे, पाच फूट सात इंच, जोमाने मारते. तिला पुरुषांचा हलका आर शाफ्टच योग्य ठरला. अक्षर स्त्री-पुरुष सांगत नाही, वेग सांगतं.

विकत घेताना क्लबवरच्या आकड्याने फसू नका. पूर्वी सात नंबरच्या आयर्नचा उतार (चेंडूला लागणारी बाजू मागे किती कललेली आहे तो कोन) ३४-३५ अंश असायचा, आता कित्येक नव्या सेटमध्ये तो ३० च्या खाली आला आहे. लांब जावा म्हणून कंपन्यांनी उतार कमी केला आणि आकडा तोच ठेवला. हळू फिरवणाऱ्या मुलाला चेंडू उठवायला उतार हवाच असतो. म्हणून जास्त उताराचे आयर्न बघा. चार आणि पाच नंबरचे आयर्न घेऊच नका, त्यांच्या जागी हायब्रिड (जाड डोक्याचे, चेंडू सहज उठवणारे क्लब) घ्या. ड्रायव्हरही नऊ-दहा अंशांचा नको, बारा किंवा त्याहून जास्तीचा.

वजन पेलतं का हे ओळखायला मी तीन गोष्टी बघते. एका हाताने क्लब सरळ समोर धरून दहा सेकंद हात थरथरत नाही ना. स्विंग संपल्यावर चेंडू खाली पडेपर्यंत मूल तोल न जाता उभं राहतं ना. आणि तीस चेंडू मारून घ्यायचे, शेवटचे दहा पहिल्या दहांसारखे जातात का. तिसरी चाचणी सगळ्यात खरी, कारण दुकानात पाच चेंडू तर कुठलाही उत्साही मुलगा ताकदीने मारतो. क्लबच्या चेहऱ्यावर थोडी टाल्कम पावडर लावली तर चेंडू मध्यभागी लागतो का तेही उमटतं.

दुखण्याकडे मात्र जराही दुर्लक्ष नको. वाढत्या वयात मणक्याच्या हाडाला वारंवार वळण्याने सूक्ष्म तडा जाऊ शकतो, आणि सुरुवातीला ती साधी कंबरदुखीच वाटते. मागे वाकल्यावर दुखतं, दोन आठवड्यांत थांबत नाही, तर क्लब बदलून बघत बसू नका. खेळ थांबवा आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. माझ्या मुलाचं नशीब चांगलं की विश्रांतीने भागलं.

लांब मारण्याची घाई आईवडिलांनाच जास्त असते. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये आपली गोल्फपटू अदिती अशोक चौथी आली, पदक एका फटक्याने हुकलं. त्या मैदानात लांब मारणाऱ्यांमध्ये तिचं नाव नव्हतं. तिला तिथवर नेलं ते पटरने आणि छोट्या फटक्यांनी, म्हणजे ज्या क्लबना ताकद लागत नाही त्यांनी. मुलाची उंची थांबेपर्यंत त्याच्याकडून हा सराव करून घेता येतो. मुलींची उंची बहुधा पंधरा-सोळापर्यंत, मुलग्यांची सतरा-अठरापर्यंत स्थिरावते. सहा महिने दाराच्या चौकटीवर नवी रेघ उमटली नाही की मग नीट माप घेऊन, मारून बघून, पूर्ण सेटवर पैसे खर्च करा. तोवर जुने, वापरलेले, एकेक क्लब घ्या.

आणि मुलांचे सुटलेले क्लब माळ्यावर टाकू नका. १९९१ मध्ये इंडियन ओपन ही गोल्फ स्पर्धा जिंकणारे अली शेर आधी कॅडी होते, म्हणजे खेळाडूंच्या बॅगा वाहणारे. कोर्सवर काम करणाऱ्यांच्या घरात खेळावंसं वाटणारी मुलं असतातच, आणि त्यांच्या मापाचा क्लब त्यांना कुठेच मिळत नाही. आम्ही आमच्या मुलाचा छोटा सेट तिथल्या एका कॅडी मामांच्या नातवाला दिला. देण्याआधी ग्रिप धुऊन घ्या, गुळगुळीत झाली असेल तर नवी बसवा, डोकं हलत नाही ना ते बघा. आणि बॅगेला चिठ्ठी बांधा. तिच्यावर वय लिहू नका. "चार फूट सहा ते चार फूट नऊ" असं लिहा.